एका दमात की वेगवेगळ्या ट्रॅकवर?

घरी गाणं रेकॉर्ड करताना माइक निवडण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: आवाज आणि गिटार एकदम घ्यायचं, की आधी गिटार आणि मग त्यावर आवाज?

एकदम घेतलं की लय श्वासाबरोबर हलते. ओळ लांबली तर हातही थांबतो. हे जिवंतपण मला फार मोलाचं वाटतं, कारण ते नंतर जोडता येत नाही. मोबाइलही पुरतो. अडचण एवढीच की गिटार आवाजाच्या माइकमध्ये शिरते, त्यामुळे घसरलेला एकच सूर वेगळा काढून सुधारणं जवळजवळ अशक्य.

वेगवेगळ्या ट्रॅकवर ती सोय आहे, आणि ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरेसं आहे. पण कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवाच, नाहीतर मेट्रोनोमची, म्हणजे लय धरायला लावलेल्या ठेक्याची, टिकटिक माइकमध्ये उतरते. शिवाय लेटन्सी! स्वतःचा आवाज 20-30 मिलिसेकंद उशिरा कानात आला तरी गाणारा अडखळतो. इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवर) डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून न फिरवता थेट हेडफोनमध्ये देण्याची सोय, असेल तर ते सुरू करा.

पातळी दोन्हीकडे सारखीच सांभाळायची. सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. 0 ओलांडलं की आवाज फाटतो.

एकच आवाज, दोन-चार कॉर्ड असतील तर मी एकदमच घेईन. हार्मनी, म्हणजे मुख्य सुरांना साथ देणारा दुसरा आवाज, स्वतःच गायची असेल, तर मात्र ट्रॅकला पर्याय नाही.