सीएसआर पोर्टल, दर्पण आणि विकतच्या याद्या: बेळगाव भागातल्या संस्थांच्या काय कामाचं?

खानापूरकडे अभ्यासिका चालवणारं मंडळ असो, निपाणीत विडी कामगार महिलांसाठी झटणारी संस्था असो की अथणी भागात पुराने खचलेली शाळा सावरू पाहणारी समिती, अनुदानाचा शोध बहुतेक ठिकाणी सारखाच सुरू होतो. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी 'सीएसआर फंड उपलब्ध' (सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) असा मेसेज टाकतं, खाली मोबाइल नंबर असतो आणि संस्थेची फाइल त्या नंबराकडे रवाना होते. त्या नंबराची काही गरज नाही. शोधाची चांगली साधनं फुकट आहेत. ती नीट वापरली तर आठवडाभरात दहा-बारा खऱ्या देणगीदारांची यादी हाताशी येते. सीमाभागातल्या लहान संस्थेला ही साधनं कितपत उपयोगी पडतात, एवढंच इथे तपासलं आहे आणि पाचपैकी गुण दिले आहेत.

राष्ट्रीय सीएसआर पोर्टल: पाचपैकी चार

हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचं संकेतस्थळ. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. या खर्चाची विवरणं कंपन्या मंत्रालयाकडे भरतात आणि त्यातले आकडे इथे राज्यानुसार, क्षेत्रानुसार आणि कंपनीनुसार बघता येतात. नुसते आकडे बघायला एक रुपयाही लागत नाही.

बहुतेक जण पोर्टल उघडतात, कर्नाटक निवडतात, सर्वांत मोठा आकडा असलेल्या पाच कंपन्यांची नावं उतरवतात आणि त्यांना पत्रं धाडतात. तिथेच चुकतं. मोठ्या आकड्याच्या कंपन्यांचा पैसा बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या फाउंडेशनकडे जातो. शिवाय कायद्यात 'कंपनी जिथे काम करते ते स्थानिक क्षेत्र आणि आसपासचा भाग' यांना प्राधान्य देण्याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून शोध उलटीकडून करावा. आधी आपल्या जिल्ह्यात कारखाना कुणाचा आहे ते लिहून काढा: बेळगावात हिंडाल्कोचा अॅल्युमिनाचा कारखाना, यादवाडला दालमियाचा सिमेंट कारखाना, हत्तरगीला विमानाचे भाग बनवणारी एकस, बेळगावातच नोंदणीकृत कार्यालय असलेली रेणुका शुगर्स, आणि उद्यमबाग, मच्छे, होनगा इथली मध्यम कारखानदारी. मग एकेक नाव कंपनीनुसार शोधा. गेली तीन वर्षं खर्च झाला का, कोणत्या क्षेत्रात झाला आणि किती झाला, एवढं पाहिलं तरी पुरे. स्थानिक क्षेत्र म्हणजे कारखान्याचा शेजार, हेही ध्यानात असावं. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली संस्था यादवाडच्या शेजारात बसत नाही. निपाणीची संस्था मात्र कोल्हापूर, कागलच्या कारखान्यांना हक्काने लिहू शकते, कारण 'आसपासचा भाग' राज्याच्या सीमेवर थांबतो असं कायदा कुठेच म्हणत नाही.

पोर्टलचे दोष दोन. पहिला म्हणजे 'पॅन इंडिया' (देशभर) नावाचा रकाना. अनेक कंपन्या खर्च कुठे झाला ते न सांगता सगळा या एका रकान्यात टाकतात, त्यामुळे कर्नाटकाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. दुसरा दोष विलंबाचा. वार्षिक सभा झाल्यावर विवरण भरलं जातं, म्हणून आज दिसणारा आकडा वर्ष-दोन वर्षांपूर्वीचा असतो. तो 'कंपनीची सवय' म्हणून वाचावा, 'उरलेली रक्कम' म्हणून वाचू नये.

यावरचा उपाय कंपनीच्या जुन्या वार्षिक अहवालात सापडतो. २०२०-२१ आणि २०२१-२२ च्या अहवालांत सीएसआरचा एक तक्ता आहे: प्रकल्पाचं नाव, जिल्हा, रक्कम, 'स्थानिक क्षेत्र: होय/नाही', आणि काम कोणत्या संस्थेमार्फत झालं तिचं नाव. पुढे सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीने हा नमुना आटोपशीर झाला आणि तो प्रकल्पवार तपशील अहवालातून गेला. म्हणून ते दोन जुने अहवालच आधी काढा. आपल्यासारख्याच आकाराच्या संस्थेला कुणी किती दिलं, हे तिथे पांढऱ्यावर काळं दिसतं. मागायची रक्कम त्यावरून ठरवा.

उद्यमबागेसारख्या ठिकाणच्या मध्यम कंपन्यांविषयी एक नियम फार मोलाचा आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही. सीएसआरची वार्षिक रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर कंपनीला वेगळी सीएसआर समिती लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. समजा तीन वर्षांचा नफा ६, ८ आणि १० कोटी आहे. सरासरी ८ कोटी, त्याचे २ टक्के म्हणजे १६ लाख. अशा कंपनीकडे १५ लाखांचा प्रस्ताव घेऊन जाणं म्हणजे तिची वर्षाची सगळी रक्कम मागणं. तिथे दोन-तीन लाखांचं, एका वर्षात पुरं होणारं काम न्या आणि थेट संचालकांची वेळ मागा. वेळ निवडायची तर डिसेंबर ते मार्च, नव्या वर्षाचा आराखडा ठरण्याआधी. मार्चअखेरीस उरलेली रक्कम घाईने वाटली जाते हे खरं, पण ती ज्याची कागदपत्रं आधीच कंपनीच्या टेबलावर आहेत त्यालाच मिळते.

दर्पण: शोधासाठी दोन, नोंदणीसाठी पाच

नीती आयोगाच्या एनजीओ दर्पणवर देणगीदार शोधायला जाऊ नका. तिथे देणगीदाराने तुम्हाला शोधायचं असतं. नोंदणी फुकट आहे. संस्थेचं नोंदणीपत्र, संस्थेचा पॅन आणि किमान तीन पदाधिकाऱ्यांचे पॅन-आधार लागतात. मग केए/२०१८/०१२३४५६ अशा धाटणीचा क्रमांक मिळतो. केंद्राचं अनुदान आणि परदेशी निधीची परवानगी यांना तो लागतोच, खासगी फाउंडेशनच्या अर्जावरही त्याचा रकाना असतो.

आपल्याकडे अडतं ते नावात. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या संस्थेच्या नोंदणीपत्रावर 'बेळगाम', पॅनवर 'बेळगाव', बँकेच्या पासबुकावर 'बेळगावी' आणि त्यात 'मंडळ'चं कानडी नोंदीत 'मंडळी' झालेलं, असे चार कागद चार तऱ्हेचे निघतात. संगणकाला ही चार वेगळी नावं वाटतात आणि पडताळणी अडकते. पत्त्यातला फरक चालून जातो, संस्थेच्या नावातला चालत नाही. नोंदणीपत्रावर जे नाव आहे तेच मूळ धरा आणि पॅन व बँक खातं त्याच्याशी जुळवून घ्या. उलट केलंत, म्हणजे नोंदणीतलं नाव बदलायला गेलात, तर ठराव, घटनादुरुस्ती आणि संस्था निबंधकांकडे खेपा अशी लांबण लागते. नोंदणीपत्र कानडीत असेल तर त्याचा नोटरी केलेला इंग्रजी अनुवाद एकदाच करून ठेवावा, मुंबई-पुण्याचे देणगीदार तो मागतातच.

मुंबईच्या अर्जांत आणखी एक रकाना हमखास गोंधळात टाकतो: 'धर्मादाय आयुक्त नोंदणी क्रमांक'. ती महाराष्ट्राची व्यवस्था. कर्नाटकात संस्था १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदते, आणि ट्रस्ट असेल तर त्याचं न्यासपत्र उपनिबंधक कार्यालयात नोंदलं जातं. रकाना कोरा ठेवू नका आणि भलताच क्रमांकही घालू नका. 'कर्नाटकात लागू नाही, नोंदणीपत्र सोबत जोडले आहे' एवढं लिहा. ही एक ओळ नसल्यामुळे अर्ज 'अपूर्ण' म्हणून बाजूला पडू शकतो.

कंपनीचा पैसा घ्यायचा तर सीएसआर-१ हा फॉर्म भरलेला हवा, १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. त्यासाठी आयकर खात्याच्या १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या दोन्ही नोंदण्या हव्यात आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभवही. पदाधिकाऱ्याची डिजिटल सही लागते आणि सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं. खर्च होतो तो या सही-प्रमाणपत्राचा. १२ए-८०जीची तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते, तिची मुदत डोळ्यांसमोर ठेवा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा नूतनीकरणाचा फॉर्म जुन्या झेरॉक्सवरून भरू नका.

पैसे भरून मिळणाऱ्या याद्या: पाचपैकी दीड

वर्गणी घेऊन जगभरच्या अनुदानांच्या सूचना पाठवणाऱ्या सेवा बऱ्याच आहेत. 'कॅंडिड' या अमेरिकी संस्थेची यादी (पूर्वीची फाउंडेशन डिरेक्टरी) ही त्यातली सर्वांत पक्की. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनना ९९०-पीएफ हे विवरण दरवर्षी भरावं लागतं आणि ते सर्वांना खुलं असतं, त्याच्या आधारे कुणी कुणाला किती दिलं हे कळतं. माहितीचा दर्जा उत्तम, पण सीमाभागातल्या लहान संस्थेला त्याचा उपयोग जवळपास शून्य. परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं चालू हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्चता येत नाही आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. 'एफसीआरए असलेल्या मोठ्या संस्थेमार्फत घेऊ' हा जुना मार्ग त्यामुळे बंद झाला आहे. नोंदणी नसताना वर्गणी भरणं म्हणजे बंद दुकानाच्या काचेतून माल बघणं.

इथे एक बारकावा घरोघरी लागू पडतो. आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या गावकऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी धरली जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी निधीच. देणगी घेण्याआधी पासपोर्टची प्रत मागायला संकोच करू नका.

थेट फाउंडेशनच्या दारात

बंगळूरची अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि १९९६ पासूनची इन्फोसिस फाउंडेशन, मुंबईचे टाटा ट्रस्ट्स, हुबळीची देशपांडे फाउंडेशन, ग्रामीण उपजीविकेच्या कामासाठी नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक, एवढी दारं आधी ठोठावावीत. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर कामाची क्षेत्रं लिहिलेली असतात. ती वाचल्याशिवाय अर्ज करणं म्हणजे दोघांचाही वेळ दवडणं. रोटरीकडे आपले लोक दुर्लक्ष करतात. बेळगाव आणि कोल्हापूर रोटरीच्या एकाच ३१७० प्रांतात येतात, म्हणजे दोन्हीकडच्या क्लबांची ओळख आयतीच. मात्र रोटरीच्या ग्लोबल ग्रँटचा प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो आणि परदेशातला क्लब जोडीला हवा. लहान कामासाठी प्रांताचं अनुदान विचारा.

प्रस्तावात सर्वांत आधी अंदाजपत्रक वाचलं जातं. दहा गावांतल्या अभ्यासिकांचा नमुना घ्या. दहा शिक्षिका, प्रत्येकी ५,००० रुपये, बारा महिने: ६,००,०००. एक समन्वयक, १५,००० प्रमाणे: १,८०,०००. पुस्तकं-साहित्य, दर गावी ८,०००: ८०,०००. समन्वयकाचा प्रवास, महिना ३,०००: ३६,०००. चार प्रशिक्षणं, प्रत्येकी १०,०००: ४०,०००. बेरीज ९,३६,०००. त्यावर हिशेब-तपासणी आणि कार्यालयासाठी ५ टक्के, ४६,८००. एकूण ९,८२,८००. दर अभ्यासिकेत तीस मुलं धरली तर तीनशे मुलं, म्हणजे एका मुलामागे वर्षाला ३,२७६ रुपये. हा शेवटचा आकडा पहिल्या पानावर हवा. 'किरकोळ खर्च ५०,०००' अशी ओळ दिसली की तपासणारा बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही. इमारत मागत असाल तर जमिनीचा उतारा संस्थेच्या नावावर आहे का, हे आधी बघा. पंचांच्या नावावरच्या किंवा देवस्थानच्या जागेवर कंपनी बांधकामाला पैसे देत नाही आणि तिचं बरोबरच आहे.

मध्यस्थ: शून्य

प्रस्ताव लिहून देणाऱ्याला ठरलेली फी देण्यात गैर काही नाही, ते कष्टाचं काम आहे. पण मंजुरीआधी टक्केवारी मागणारा, 'कंपनीत आपला माणूस आहे' म्हणणारा आणि 'पन्नास लाखांचा चेक मिळवून देतो, निम्मे रोख परत करा' म्हणणारा यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवा. हा शेवटचा प्रकार गुन्हा आहे. प्रकरण उघडं पडलं की कंपनीचा माणूस हात झटकतो, कारण पावती संस्थेची असते आणि त्यावर सही अध्यक्षांची. १२ए रद्द होतं, करासकट वसुली निघते, आणि पंचवीस-तीस वर्षं वर्गणीवर प्रामाणिकपणे चाललेलं मंडळ एका आर्थिक वर्षात बुडतं. असा फोन आला तर नंबर, तारीख आणि बोलणं इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा आणि ज्या कंपनीचं नाव सांगितलं तिच्या सीएसआर विभागाला त्याच दिवशी ईमेलने कळवा.