पुठ्ठ्याचं खोकं की प्लॅस्टिक क्रेट? आधी गाडी ठरवा

गिऱ्हाइकाचे प्रश्न दोनच: कोंबडीचं पिल्लू कितीला, आणि पोचवून देता का? दुसऱ्याला 'हो' म्हटलं की नवा हॅचरीवाला, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणारा, खोक्यांचे भाव विचारत फिरतो. मला हे उलटं वाटतं. पिल्लं कशातून जाणार ते आधी ठरवा, खोकं आपोआप ठरतं.

स्वतःचा छोटा हत्ती किंवा पिकअप असेल तर प्लॅस्टिक क्रेट घ्या. चारी बाजूंनी जाळी, एकावर एक रचले तरी दबत नाहीत, पावसात लगदा होत नाही, रिकामे परत येतात. पण परत येतात हीच त्यांची मेख. चार शेडांवर फिरलेला, विष्ठा चिकटलेला क्रेट हॅचरीत शिरला की मानमोडी किंवा गंबोरोसारखा कोंबड्यांचा रोग आयता घरात आला. खरवडायचा, धुवायचा, जंतुनाशकात बुडवायचा, उन्हात वाळवायचा. एवढं करायला माणूस नसेल तर क्रेट नकोच. आणि हिवाळ्यात पहाटे निघाल्यास पुढच्या बाजूला ताडपत्री बांधा. पळत्या गाडीतलं वारं जाळीतून थेट पिल्लांना लागतं.

पार्सलला मात्र पुठ्ठाच, कारण तो परत येतच नाही. नेहमीच्या खोक्यात चार खण, प्रत्येकात 25, म्हणजे 100 पिल्लं. वर दोन जादा टाकायची रीत आहे. खण उगाच नसतात. थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. 100 जणांच्या ढिगात खालची गुदमरतात, 25 च्या ढिगात बहुतेक वाचतात. एप्रिल-मेमध्ये मी खणात 20 च भरतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, कारण खोकी वाढतात. कुरकुरू द्या.

तळाला वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, आणि असं पिल्लू पुढे धड उभं राहत नाही. भाताचं तूस चांगलं. लाकडाचा अगदी बारीक भुसा नाकात जातो. किराणा दुकानातल्या खोक्याला सुरीनं भोकं पाडून काम भागत नाही. वर दुसरं खोकं आलं की झाकणावरची भोकं बंद. तयार खोक्याच्या झाकणावर उंचवटे असतात, ते दोन खोक्यांत हवेला फट ठेवायला.

खरा घोळ रात्रीच्या ट्रॅव्हल्सचा. भाडं कमी, पण डिकी म्हणजे बंद पेटी. मी एकदा संगमनेरहून लातूरला दोन खोकी दिली होती. वाटेत कुणीतरी त्यांवर कांद्याची पोती रचली. सकाळी खालच्या खोक्यात मधल्या बाजूची जवळजवळ सगळी मेलेली, कडेची जिवंत. थंडीपेक्षा कोंडलेली उष्णता लवकर मारते, हे मी तेव्हा शिकलो. आता डिकीत देतच नाही. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये खोकं ठेवतो म्हणाला तर देतो, नाहीतर गिऱ्हाइकाला स्वतः यायला सांगतो.

उपाशी राहतील ही काळजी बिनकामाची. अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात ओढलेला असतो, त्यावर ते 72 तासांपर्यंत तगू शकतं. खोक्यात पाण्याची वाटी ठेवणं म्हणजे पिल्लं भिजवून गारठवणं. प्राणी वाहतुकीच्या 1978 च्या नियमांत 2001 साली कोंबड्यांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातही पिल्लं अंड्यातून निघाल्याबरोबर पाठवा, खोक्यात साठवून ठेवू नका, असंच आहे.

खोकं उतरलं की एक पिल्लू उचलून त्याचे पाय गालाला लावा. गार लागले तर पिल्लू गारठलंय. चोच उघडी आणि पंख पसरलेले दिसले तर उकडलंय. मग गूळपाणी, आणि तासा-दोन तासांनी मक्याचा भरडा.

गिऱ्हाईक स्वतः येणार असेल तर त्याच्या निघण्याआधी मी फोनवर एकच विचारतो: ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी शेगडी किंवा दिवा, पेटवलाय का? 'पोचल्यावर लावू की,' असं उत्तर आलं तर त्याचा नंबर पुढच्या बॅचला.