सोलापुरात उणे वीस: फ्रीझर खोलीचा एक उन्हाळा, एक पावसाळा

गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला आमच्या आइस्क्रीमच्या डेपोत उणे २० ची फ्रीझर खोली सुरू झाली. उन्हाळा काढला, पावसाळाही सरला, आता बोलायला हरकत नाही. एमआयडीसीतली मंडळी येतात आणि पॅनेल किती जाडीचं घेतलं एवढंच विचारतात. दीडशे मिलिमीटरचं पफ पॅनेल आहे, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं. पण खरी गंमत जाडीत नाही.

आराखडा मावसभावाचा. तो लेहला हॉटेलांची कामं करतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "दादा, ही खोली म्हणजे याकुत्स्कमधलं दुकान समज, फक्त उलटं." सायबेरियातल्या त्या शहरात जानेवारीत बाहेर उणे ४० च्या आसपास आणि दुकानात वीसेक अंश. फरक साठचा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४३, आत उणे २०. फरक त्रेसष्टचा! एवढ्या फरकातही दीडशेच्या पॅनेलमधून चौरस मीटरला जेमतेम १० वॉट उष्णता आत येते. नऊ इंची विटांच्या भिंतीतून त्याच्या दहापट तरी आली असती. म्हणून मे महिना आम्हाला जड गेलाच नाही. दुपारी चार-पाच तास वीज गेली तरी, माल भरलेला आणि दार बंद असलं, की काटा दोन-तीन अंशच वर सरकायचा.

जड गेला तो पावसाळा. सोलापूरचा उन्हाळा कोरडा, पण जुलैपासून हवेत दमटपणा येतो आणि वाफ गरम बाजूकडून थंड बाजूकडे वाट शोधत राहते. थंड देशात ऊब घरात असते, म्हणून वाफ अडवणारा थर तिथे भिंतीच्या आतल्या अंगाला घालतात. आपल्याकडे तोच बाहेरच्या अंगाला हवा. पॅनेलला दोन्हीकडून पत्रा असतो, म्हणजे प्रश्न फक्त सांध्यांचा. ठेकेदाराच्या पोरांनी आतले सांधे सिलिकॉनने सुबक भरले होते आणि बाहेरचे तसेच सोडले होते. भावाने शिडी लावून छतापर्यंतचे सगळे सांधे बाहेरून भरून घेतले, तेव्हा मला ते जरा अतीच वाटलं होतं. ऑगस्टमध्ये पटलं.

एक जागा मात्र निसटली. पाइप टांगायला ठेकेदाराने एक लोखंडी बोल्ट पॅनेलच्या आरपार काढला होता. बाहेरच्या डोक्यावरून थेंब थेंब पाणी गळायचं, आणि आत त्याच बोल्टवर मुठीएवढा बर्फाचा गोळा चढायचा. फोडला की आठवड्यात पुन्हा तयार. शेवटी तो काढून नायलॉनचा बसवला, भोकात फोम भरला, तेव्हा थांबलं.

दाराचाही ताप झाला. माल ठेवून दार लावलं की पुढची काही मिनिटं ते उघडायचंच नाही, दोघांनी ओढलं तरी. ठेकेदार म्हणे, गॅस्केट (दाराच्या कडेची रबरी पट्टी) नवं आहे, सैल होईल. प्रकार वेगळाच होता. आत शिरलेली गरम हवा झटकन गार होऊन आकसते, खोलीतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा दार दाबून धरते. त्यासाठी भिंतीत बाहेरची हवा आत घेऊन दाब सारखा करणारी झडप असते, आणि ती गोठू नये म्हणून तिला छोटा हीटर. आमच्याकडेही होती, पण तिच्या हीटरची वायरच जोडली नव्हती, त्यामुळे ती बर्फाने बंद.

जमिनीवरचा खर्च दिसत नाही, पण माझ्या मते तोच सगळ्यात शहाणा. वर्षानुवर्षं उणे २० असलं तर इन्सुलेशन असूनही खालची माती हळूहळू गोठते, ओल ओढून घेते, फुगते आणि स्लॅब उचलते. म्हणून काळी माती काढून मुरूम ठोकला आणि स्लॅबखालून आरपार पाइप टाकले, दोन्ही तोंडं उघडी, उंदरांसाठी जाळी, आत साचणारं पाणी निघून जायला थोडा उतार. आपली गरम हवा त्यातून फिरते, माती गोठत नाही. याकुत्स्कमध्ये इमारती खांबांवर उचलतात आणि खालून वारा खेळवतात, तो इमारतीच्या उबेने गोठलेली जमीन वितळू नये म्हणून. कारण उलटं, उपाय सारखाच.

दारापुढे ५ अंशांची छोटी मधली खोली आहे. थंड मुलखातल्या दुकानांना दोन दारं असतात, तसंच हे. जागा खाते, तरी ती गाळू नका. इव्हॅपोरेटरवर, म्हणजे खोली गार करणाऱ्या आतल्या कॉइलवर, बर्फ कमी चढतो, तो वितळवायला डिफ्रॉस्ट कमी लागतो. अट एकच, दोन्ही दारं एकदम उघडी नकोत. टेम्पो भरताना पोरं नेमकं तेच करतात, म्हणून भोंगा लावला. आता ती भोंग्याचीच वायर काढून ठेवतात.

राहिलेली खोट म्हणजे कंडेन्सर, खोलीतली उष्णता बाहेर टाकणारा भाग, पश्चिमेच्या भिंतीला आहे. दुपारनंतर ऊन थेट त्याच्यावर, कॉम्प्रेसर धापा टाकतो. मार्चच्या आत वर पत्र्याची शेड टाकून घेणार आहे, गरम हवा कोंडणार नाही इतकी उंच.