पिकअपचं ईपीएस मॉड्यूल बदललं: होळी ते गणपतीचा अनुभव

आमचं पिकअप छोटं, स्टेअरिंग इलेक्ट्रिक (ईपीएस म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग). म्हणजे तेल, पंप, पाइप ही भानगड नाही. कॉलमवर, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यावर मोटर, आत हाताचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर आणि दोघांना चालवणारं हे मॉड्यूल. होळीच्या सुमारास ते बदललं, आता गणपती तोंडावर आलेत. मधे टोमॅटोचा अख्खा सीझन गेला, नारायणगाव ते वाशी, बहुतेक माळशेजमार्गे.

लक्षण असं होतं: चालत्या गाडीत मीटरवर स्टेअरिंगचं पिवळं चिन्ह लागायचं आणि स्टेअरिंग एकदम दगड. इंजिन बंद करून चालू केलं की पुन्हा नरम. मोटरची मदत गेली तरी चाकं वळतात, खालचा जोड मेकॅनिकलच असतो. पण कॅरेट भरलेली गाडी घाटात वळवताना खांदे निघतात.

एका गॅरेजनं थेट पूर्ण कॉलम बदला म्हणून सांगितलं. आमच्या वायरमननं आधी मल्टिमीटर काढला. मॉड्यूलच्या कपलरला (वायरींच्या जोडाला) मागून पिना लावल्या आणि म्हणाला, "दादा, आता गाडी जागेवरच ठेवून पार या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा." जागेवर फिरवताना मोटर भरपूर करंट ओढते. बॅटरी दमलेली किंवा अर्थिंग गंजलेलं असेल तर तिथे व्होल्टेज खाली पडतं, आणि मॉड्यूल ठणठणीत असूनही दिवा लागतो. आमचं पडलं नाही. मग गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, कोड मॉड्यूलच्या आतल्या बिघाडाचा निघाला, सेन्सरचा नाही. एवढं न बघता कुणी पार्ट सांगत असेल तर सरळ गाडी काढून घ्या.

भंगारातलं मॉड्यूल स्वस्तात मिळत होतं. नको म्हटलं, त्यात दुसऱ्या गाडीचं सेटिंग असतं. बोर्डाला सोल्डरिंग करून देणारेही आहेत, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला चालेल.

खोलणं-बसवणं किरकोळ: बॅटरीची मायनस वायर काढायची, डॅशबोर्डखाली हात घालायचा, बोल्ट, कपलर. वेळ खातं ते स्कॅनरवरचं काम. आधी कोडिंग, म्हणजे नव्या मॉड्यूलमध्ये आपल्या गाडीचं सेटिंग भरणं, मग चाकं सरळ करून, स्टेअरिंगवरचे हात काढून झिरो सेटिंग, म्हणजे हाताचा जोर शून्य कुठे ते सेन्सरला शिकवणं. हे चुकलं तर गाडी आपणहून एका बाजूला ओढते.

त्यानंतर दिवा एकदाही लागलेला नाही. हायवेला स्टेअरिंग वेगाप्रमाणे घट्ट होतं, मार्केटमध्ये बोटानं फिरतं. फक्त गाळ्यासमोर गर्दीत सारखं पुढे-मागे करताना, स्टेअरिंग टोकाला दाबून धरलं की थोड्या वेळानं जड होतं. ड्रायव्हर घाबरला, परत गेलं म्हणाला. ते मोटर तापू नये म्हणून मॉड्यूलच मदत कमी करतं, थोडं थांबलं की मोकळं होतं. शिवाय डॅशबोर्डखालच्या मॉड्यूलमध्ये पाणी जाऊ नये म्हणून केबिन पाइपानं धुणं आम्ही बंद केलंय. पावसाळ्यात तसाही चिखल असतोच, फडक्यानं पुसतो.

आमच्या दुकानदाराच्या बिलावर छापलेलंच आहे, इलेक्ट्रिक पार्ट परत घेतला जाणार नाही. त्यामुळे खोका फोडण्याआधी जुन्या मॉड्यूलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घ्या; दिसायला सारखं असूनही दुसऱ्या व्हेरियंटचं निघू शकतं.