हॉलमधला गेमिंग डबा: मॉड्युलर, मिनी-आयटीएक्स की सरळ कन्सोल?

जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या फ्लॅटमध्ये पंचावन्न इंची टीव्ही भिंतीवर लागला की घरातली पोरं पुढचा विषय काढतातच: त्याच्याखाली गेम खेळायला काय ठेवायचं? पूर्वी उत्तर एकच होतं, प्लेस्टेशन. आता बुटाच्या खोक्याएवढे गेमिंग पीसी दिसतात आणि "सगळं सुटं होतं, हवं तेव्हा बदला" असं सांगून ते विकले जातात. पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंतचा मामला आहे. त्यामुळे पैसे मोजण्याआधी दोन प्रश्न विचारा. यातलं नेमकं काय सुटं होतं? आणि तो सुटा भाग चार वर्षांनी कोण विकत असेल?

पहिला प्रकार म्हणजे कंपनीने स्वतःच्या मापाने बनवलेला मॉड्युलर डबा. यातला सगळ्यात गाजलेला इंटेलचा एनयूसी ९ एक्स्ट्रीम, २०२० चा. आकार जेमतेम पाच लिटर. प्रोसेसर, रॅम, एसएसडी (गेम साठवायची चिप) असं सगळं एकाच कार्डावर, आणि ते कार्ड ग्राफिक्स कार्डासारखं खाचेत बसणारं. पुढची पिढी आली की जुनं कार्ड उपसायचं, नवं खोचायचं, डबा तोच. गेमिंगचं सामान बनवणाऱ्या रेझर कंपनीने याच कार्डावर आपला टोमाहॉक पीसी बेतला होता. कल्पना मला आजही आवडते, पण आकडे बघा. प्रोसेसर कार्डावर सोल्डर केलेला, म्हणजे निघतच नाही. ग्राफिक्स कार्ड आठ इंचांपेक्षा लांब चालत नाही. पॉवर सप्लाय ५०० वॉटचा. वरच्या मॉडेलचा नुसता सांगाडा, म्हणजे रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड वगळून, अमेरिकेतच दीड हजार डॉलरच्या पुढे होता. पुढच्या पिढ्यांत लांब कार्ड मावायला लागलं, पण डबा आधी आठ लिटर आणि मग जवळपास चौदा लिटर झाला. इतक्या जागेत साधा मिनी-आयटीएक्स पीसी, म्हणजे लहान मापाच्या मदरबोर्डावर जुळवलेला पीसी, आरामात बसतो.

जुलै २०२३ मध्ये इंटेलने या धंद्यातूनच अंग काढून घेतलं आणि एनयूसी आसुसकडे गेला. आसुसचा आरओजी एनयूसी दिसायला देखणा, तीनेक लिटरचा, टीव्ही युनिटवर शोभेल असा. पण त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही लॅपटॉपचे, बोर्डाला कायमचे चिकटलेले. रॅम आणि एसएसडी बदलता येते, बाकी आहे तसं. याला मॉड्युलर म्हणायचं तर बहुतेक गेमिंग लॅपटॉपलाही म्हणावं लागेल.

याआधीचा इतिहासही फारसा आशादायक नाही. रेझरने २०१४ मध्ये प्रोजेक्ट क्रिस्टीन दाखवलं, प्रत्येक भाग वेगळ्या नळकांड्यात. ते बाजारात आलंच नाही. स्टीम हे ऑनलाइन गेमचं दुकान चालवणाऱ्या वाल्व कंपनीच्या नावाने पहिल्या स्टीम मशीन्स, म्हणजे टीव्हीखालचे गेमिंग पीसी, २०१५ मध्ये आल्या आणि तीन वर्षांत विस्मरणात गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाल्वने नव्याने सहा इंची चौकोनी ठोकळा जाहीर केला. त्यातही रॅम आणि एसएसडीच बदलते. शिवाय त्याची स्टीमओएस ही प्रणाली लिनक्सवर चालते. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट अँटी-चीटमुळे (फसवेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) तिच्यावर चालत नाहीत, जीटीए ऑनलाइनही २०२४ पासून अडलं. मुलगा नेमकं हेच खेळत असेल तर विषय तिथेच मिटला.

दुसरा प्रकार स्वतः जुळवलेला मिनी-आयटीएक्स पीसी. बोर्डाचं माप १७ सेंटिमीटर चौरस. हे माप २००१ मध्ये व्हिया कंपनीने आणलं, पण आज त्यावर कुणा एकाची मालकी चालत नाही. आसुस, गिगाबाइट, एमएसआय सगळे त्याच मापाचे बोर्ड काढतात. खरा मॉड्युलरपणा मला इथे दिसतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटचंच (प्रोसेसर बसतो त्या खाचेचंच) बघा: २०१७ मध्ये घेतलेल्या कित्येक बोर्डांवर बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालला. बोर्ड, रॅम, डबा सगळं तेच, बदलला फक्त प्रोसेसर. मॉड्युलर डब्यांनी जे आश्वासन दिलं, ते असं गाजावाजा न करता इथे पाळलं गेलं.

याचीही किंमत मोजावी लागतेच. त्याच दर्जाचा मिनी-आयटीएक्स बोर्ड मायक्रो-एटीएक्सच्या (त्याहून मोठ्या मापाच्या बोर्डाच्या) दीडपट, कधी त्याहून महाग पडतो. लहान डब्याला एसएफएक्स, म्हणजे छोट्या मापाचा पॉवर सप्लाय लागतो, तोही महाग. नेहमीचा एटीएक्स पॉवर सप्लाय बिघडला तर गावात मिळून जाईल. एसएफएक्स बहुतेक पुण्याहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावा लागणार, आणि तोवर पीसी बंद. दहा लिटरच्या नाजूक डब्यांत रायझर केबल (ग्राफिक्स कार्ड बोर्डाला जोडणारी पट्टी) असते, जाड ग्राफिक्स कार्ड बसत नाही, आणि एक वायर बदलायला अर्धा पीसी उघडावा लागतो. जुळवणाऱ्याने आधी असं काम केलंय का, हे विचारून घ्या. नाहीतर "बसतंय की ओ" म्हणत दामटून बसवलेली केबल पंख्याला घासत राहते.

आता ऊन. परदेशी परीक्षणांत खोलीचं तापमान बावीस-चोवीस अंश धरलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि एसी बहुधा बेडरूममध्ये असतो. दुपारी हॉल अडतीस अंशांवर असेल, तर खोली जितकी जास्त तापलेली, जवळपास तितकेच अंश आतल्या चिपच्या तापमानात वाढतात. तीन-पाच लिटरच्या डब्यात आधीच वाव नसतो. मग पंखे किंचाळतात आणि चिप स्वतःचा वेग कमी करते. दोन लाखांचा डबा मे महिन्याच्या दुपारी त्याहून स्वस्त पीसीसारखा चालतो.

म्हणून माझं मत: सोलापुरात सोळा-अठरा लिटरच्या खाली जाऊ नका. कूलर मास्टर कंपनीचा एनआर२०० हा मिनी-आयटीएक्स डबा साधारण अठरा लिटरचा आहे. तो टीव्हीखाली तितका नाजूक दिसत नाही, पण जाड कार्ड आणि मोठे पंखे घेतो. ग्राफिक्स कार्ड दीडशे वॉटच्या आसपासचं बघा. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटी कार्डाचं सोळा जीबी मॉडेल मला टीव्हीसाठी बरं वाटतं, कारण फोरकेवर आठ जीबी मेमरी लवकर अपुरी पडते. कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढण्याची मर्यादा) वीसेक टक्क्यांनी उतरवली तर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम थोड्याच कमी होतात आणि उष्णता बरीच. काच लावलेल्या टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोणताही डबा कोंडू नका. वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतातही नको. तो दमट वारा आणि आपल्याकडची धूळ मिळून जाळीवर चिखलाचा थर बसवतात.

उन्हाच्या जोडीला लाइटचा प्रश्न. खेळताना असा पीसी तीनशे-साडेतीनशे वॉट ओढतो. घरचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्ह (ओबडधोबड वीज देणारा) असेल तर चांगल्या पॉवर सप्लायचं त्याच्याशी पटत नाही, लाइट जाताच पीसी रीस्टार्ट होतो. प्युअर साइन वेव्ह (घरच्या लाइटसारखी सरळ वीज) आणि यूपीएस मोड (चटकन बॅटरीवर जाणारा) आहे का ते बघा, आणि त्या वेळी फ्रिज इन्व्हर्टरवर नसेल याचीही खात्री करा.

कन्सोलबद्दल कमी लिहितोय, कारण तिथे गुंता कमी आहे. पीएस५ खेळताना दोनशे वॉटच्या आसपास घेतो. कंट्रोलरचं बटण दाबलं की टीव्हीही चालू होतो. पीसीच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय सहसा नसते, आणि विंडोजचं अपडेट मध्येच आलं तर सोफ्यावरून उठून कीबोर्ड शोधावा लागतो. बिघडला तर एकाच कंपनीचा एकच डबा. डिस्कवाला पीएस५ भारतात २०२१ मध्ये ४९,९९० ला आला, पुढे ५४,९९० झाला. बदलता येण्यासारखं त्यात एसएसडीशिवाय फारसं काही नाही.

पण गेम महाग. मोठा नवा गेम पाच हजारांपर्यंत जातो, आणि बहुतेक विकतचे गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लसचं शुल्क वेगळं. पीसी लाख-सव्वा लाखाला पडला असं धरलं तर कन्सोलशी फरक पन्नास-साठ हजारांचा. सेलमध्ये प्रत्येक गेममागे अडीच हजार वाचले तरी तो फरक भरून निघायला वीस-चोवीस गेम लागतात. वर्षाला दोनच गेम घेणारं घर तिथवर पोचत नाही; त्यांनी कन्सोल घ्यावा. मुलगी त्याच पीसीवर व्हिडिओ एडिटिंग शिकणार असेल, कॉलेजचं कोडिंग करणार असेल, तर गणित फिरतं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, तेवढं बजेटमध्ये धरा. रॅमशिवाय विकला जाणारा बेअरबोन डबा स्वस्त दिसतो तो यामुळेच.

विकायची वेळ आली की फरक आणखी स्पष्ट होतो. सुटं ग्राफिक्स कार्ड, सुटा प्रोसेसर ओएलएक्सवर टाकला की गिऱ्हाईक येतं. तीन वर्षं जुना, कंपनीने सोडून दिलेल्या मापाचा डबा घ्यायला सहसा कुणी धजावत नाही, कारण त्याचा बोर्ड गेला की अख्खा डबाच गेला.

तर माझा क्रम असा: फक्त खेळायचं असेल तर पीएस५. खेळ आणि काम दोन्ही असेल तर अठरा लिटरचा मिनी-आयटीएक्स. टीव्हीशेजारी कोपरा मोकळा असेल तर मायक्रो-एटीएक्सचा थोडा मोठा डबा आणखी स्वस्त आणि थंड. एनयूसीसारखा छोटा डबा हॉलमध्ये एसी असलेल्या, जागा खरंच नसलेल्या आणि पुढे काही बदलायचं नाही हे मान्य असलेल्या माणसासाठी.

घरात गेमिंग लॅपटॉप आधीच असेल तर यातलं काहीच लगेच घेऊ नका. एक एचडीएमआय केबल आणि एक कंट्रोलर आणा, लॅपटॉप टीव्हीला जोडा आणि महिनाभर हॉलमध्येच खेळा. रात्री नऊला टीव्ही आईच्या मालिकेसाठीच लागतो असं दिसलं, तर त्या पैशात बेडरूममध्ये चांगला मॉनिटर येईल.