आस्कीडॉक: काही महिन्यांच्या वापरानंतर

मार्कडाउन आणि आस्कीडॉक म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये खुणा घालून मजकूर लिहायच्या दोन पद्धती. आमच्या प्रॉडक्टचं डॉक्युमेंटेशन मार्कडाउनमधून आस्कीडॉकमध्ये हलवून बरेच महिने झाले. इन्स्टॉलेशन गाइड, एपीआयची माहिती, ग्राहकांची मराठी पुस्तिका, सगळं आता त्यातच आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये कोडची उदाहरणं भरपूर असतील, तर डोळे झाकून आस्कीडॉक घ्या.

कारण एकच, इन्क्लूड, म्हणजे दुसऱ्या फाइलमधला तुकडा गाइडमध्ये आपोआप ओढून आणायची सोय. मूळ कोडमध्ये कॉमेंट टाकून टॅग कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते लिहायचं आणि गाइडमध्ये फाइलचं नाव आणि टॅग द्यायचा. बिल्डच्या वेळी, म्हणजे फाइल्सपासून वाचायची पानं तयार होताना, नेमका तेवढाच तुकडा उचलला जातो. आम्ही हे टॅग टेस्टच्या, म्हणजे कोड नीट चालतो का ते तपासणाऱ्या फाइल्समध्ये ठेवलेत. त्यामुळे एखाद्या फंक्शनचा पॅरामीटर बदलला की आधी टेस्ट फुटते आणि ती दुरुस्त झाली की गाइडमधलं उदाहरणही सुधारलेलं असतं. पूर्वी कॉपी-पेस्ट केलेली उदाहरणं एक-दोन रिलीजमध्येच शिळी व्हायची. फक्त, टॅग सापडला नाही तर आस्कीडॉक्टर (आस्कीडॉकच्या फाइल्सपासून पानं बनवणारा प्रोग्राम) नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातो. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये) फेल्युअर लेव्हल ‘वॉर्न’वर ठेवा, म्हणजे बिल्ड तिथेच अडेल.

मार्कडाउन वाईट नाही. 2004 साली ते आलं तेच वेबवर लिहिणाऱ्यांसाठी. मूळ नियमांत टेबल नव्हतं, पुढे कॉमनमार्कने नियम पक्के केले त्यातही नाही. ज्याने त्याने ते आपापल्या परीने जोडलं. रीडमीपुरतं, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाइलपुरतं, मी आजही मार्कडाउनच वापरतो. पायथनचा प्रोजेक्ट असेल तर मात्र रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही लिहायची पद्धत आणि त्यापासून पानं बनवणारं स्फिंक्सच बरं, डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेली फंक्शनची माहिती) थेट पानावर येतात.

आस्कीडॉकचा रोजचा जाच म्हणजे याद्या. मुद्द्याखाली कोड जोडायचा तर मधल्या ओळीत एकटं अधिकचं चिन्ह लागतं. नवीन माणूस ते हमखास विसरतो आणि पुढचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. शिवाय गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) फाइल उघडली तर इन्क्लूडच्या जागी नुसती लिंक दिसते, म्हणून रिव्ह्यूसाठी वेगळा प्रिव्ह्यू बनवावा लागतो.

सगळ्यात जास्त घाम काढला मराठी पीडीएफने. आस्कीडॉक्टर पीडीएफ ज्या प्रॉन लायब्ररीवर चालतं, तिला देवनागरीची जुळणी जमत नाही. ‘स्थिती’ लिहिलं की जोडाक्षर सुटं होतं आणि वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. असं ग्राहकाच्या हातात कसं द्यायचं? म्हणून आम्ही एचटीएमएल बनवून क्रोममधून पीडीएफ काढतो. अक्षरं अगदी स्वच्छ येतात. अनुक्रमणिकेत पानांचे आकडे मात्र येत नाहीत. त्यासाठी सध्या पेज्ड जेएस ही एचटीएमएलची छापील पानं पाडणारी लायब्ररी लावून बघतोय.