शहरातील एक बालसमुपदेशन केंद्र: सहा बैठकींनंतरचा अभिप्राय

दिवाळीनंतर आम्ही खानापूरहून बेळगावच्या एका बालसमुपदेशन केंद्रात सहा वेळा गेलो. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. पाऊण तासाच्या बैठकीला ६०० रुपये पडतात आणि बसभाडे व बुडालेला दिवस धरला तर खर्च हलका नाही.

मुलीची तक्रार कन्नड उक्तलेखनाची होती. गुण कमी पडू लागल्यापासून ती वही दप्तराच्या तळाशी लपवू लागली आणि ‘मला काहीच येत नाही’ असे गणितातही म्हणू लागली. समुपदेशक बाईंनी आधी वही उघडलीच नाही. दिवाळीत केलेल्या किल्ल्याबद्दल विचारले. बुरूज दोनदा ढासळल्यावर मातीत भुसा कालवून तो कसा उभा केला, हे ती दहा मिनिटे सांगत होती. मग वही निघाली. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी वेगळी अक्षरे आहेत, मराठीत हा भेद नाही. त्यामुळे झाडाच्या पानाला असलेल्या ‘एले’ या साध्या शब्दातही ती पहिलेच अक्षर दीर्घ लिहीत होती, आणि जवळजवळ सगळे गुण तेथेच जात होते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या मनोविकासाच्या आठ टप्प्यांपैकी साधारण सहा ते बारा वर्षांचा टप्पा उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड, म्हणजे ‘मला जमते’ की ‘मी कमी पडतो’, असा आहे. चूक अक्षराची की आपलीच, हे या वयाच्या मुलाला कोणीतरी वेगळे करून दाखवावे लागते, एवढेच बाईंनी आम्हाला समजावले. घरी आम्ही दोघेही नेमके उलटे करत होतो.

मुलाच्या बाबतीत मला आधी रागच आला. तो आत काय बोलला ते बाईंनी सांगितले नाही; जिवाला धोका असेल तरच सांगेन, असे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. त्यांनी मला मात्र एक प्रश्न विचारला: दहावीनंतर विज्ञान, मग इंजिनिअरिंग, हे ठरवले कोणी? मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये किशोरांच्या स्वतःच्या ओळखीच्या, म्हणजे ‘मी कोण, मला काय व्हायचे’ याच्या, चार अवस्था सांगितल्या. त्यांतील एकीत मूल स्वतः काही न पडताळता आईवडिलांनी दिलेली ओळखच पत्करते, आणि बाहेरून ते मूल अगदी शहाणे दिसते. आमचा मुलगा कधी उलट बोलत नाही, याचे मला कौतुक होते.

आता तक्रारी. नोंदणीचा अर्ज केवळ कन्नड व इंग्रजीत आहे. मुलाच्या स्वभावाविषयीचे तीस-एक प्रश्न माझ्या पत्नीला शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंकडून वाचून घ्यावे लागले. नोंदणीच्या टेबलावरून ‘पोराला काय प्रॉब्लेम आहे?’ असे भरल्या खोलीत मोठ्याने विचारले गेले, आणि नेमके तेव्हाच आमच्या गावचे एक ओळखीचे कुटुंब तेथे बसले होते. मुलगा पुढच्या आठवड्यात यायला तयार नव्हता. आतल्या खोलीची भिंत प्लायवूडची आहे, त्यामुळे बाईंनी पाळलेली गुप्तता बाहेरच्या बाकापर्यंत पुरत नाही.

ज्यांना शहरात येणे जमत नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा २०२२ पासूनचा मानसिक आरोग्याच्या सल्ल्याचा सरकारी टेलिमानस दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. आम्ही मात्र सातवी बैठक घेणार आहोत. फक्त वेळ संध्याकाळी सहाची मागितली आहे, तेव्हा बाहेरची खोली रिकामी असते.